बाराचं ऊन

नंदलाल दाजींना पाणी हवं होतं, म्हणून आम्ही तिघे जमिनीच्या पोटात उतरलो. १९८२ चा नोव्हेंबर. आमच्या बेटावर रिव्हिएर दू रांपारकडे दोन महिने पावसाचा टिपूस नव्हता आणि दाजींच्या टोमॅटोच्या रोपांनी माना टाकल्या होत्या. गावाबाहेर लाव्हारसाने कोरलेला एक जुना बोगदा आहे. त्यात गोडं पाणी आहे, असं परशुरामकाका चाळीस वर्षं सांगत आले होते. तरुणपणी एका वादळात ते तिथे अडकले होते आणि जिवंत बाहेर आले होते. पाणी सापडलं तर वर पंप बसवायचा, असा दाजींचा बेत होता.

आणि मी, चंद्रमोहन, कशाला गेलो? तसाही मला झोप येत नव्हती म्हणून! दोन वर्षं मी स्वेटरच्या कारखान्यात रात्रपाळी करत होतो. सकाळी घरी यायचं, खिडकीला गोणपाट लावायचं आणि छपराकडे बघत पडायचं. अन्नाला चव नव्हती, हात थरथरायचे, समोर येईल त्याच्यावर मी खेकसायचो. माझी थोरली बहीण इंद्राणी, म्हणजे दाजींची बायको, तीसुद्धा मला टाळू लागली होती.

काका सत्तरीचे, सारी हयात ऊसतोडीत गेलेली. भलते हट्टी! त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ महिनाभर साऱ्या गावाच्या मागे चालत होतं, त्यावरून आम्ही त्यांची टर उडवायचो.

दाजींच्या मनगटावर दहा वाजले होते तेव्हा आम्ही दोरावरून खाली उतरलो. आत दमट, कुबट हवा. दगड इतका धारदार की टेकलेल्या तळहातातून रक्त आलं. बोगद्याला सतरा फाटे. प्रत्येक फाट्यावर काका तंबाखूची डबी उघडत आणि बोटाने चुन्याची खूण करत.

एका उंच, गोल दालनात पोचलो आणि अचानक अंधार फडफडला! पाकोळ्या! शेकडो पाकोळ्या तोंडावर, डोक्यावर आपटू लागल्या. काकांच्या हातून कंदील निसटला. काच फुटली, रॉकेल सांडलं, ज्योत विझली. दाजींनी बॅटरी लावली. ती पिवळी झाली, लाल झाली आणि संपली.

"नवे सेल टाकले नाहीत?" मी ओरडलो.

"रेडिओतले काढून घातले होते," दाजी पुटपुटले.

काड्यापेटी घामाने भिजली होती. दालनाला पाच तोंडं होती. एकावर चुन्याची खूण होती, पण अंधारात ती दिसणार कशी? बोटांनी चाचपावं तर सगळी भिंतच ओली आणि बुळबुळीत. चुकीच्या तोंडात शिरलो तर आमची हाडंसुद्धा कोणाला सापडली नसती.

"खाली बसा," काका म्हणाले. "ह्या खोलीच्या छपराला भोक हाय. बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, तवा त्यातनं ऊन पडतं. मी तसाच सुटलो व्हतो."

बसलो. दाजींच्या घड्याळाचे रेडियमचे काटे तेवढे हिरवे चमकत होते. साडेअकरा. पावणेबारा. बारा! आम्ही श्वास रोखून वर पाहिलं. काळोख. पाच मिनिटं, दहा, वीस. काळोखच!

"ही ती खोलीच नाही," दाजींचा आवाज फाटला. "काका, तुम्ही चुकलात!"

"बारा झाले न्हाय आजून."

"घड्याळ सांगतंय, काका!"

"माझं पोट सांगतंय, न्हाय झाले. पहाटे चारला मला कोण उठवतं? आंगच उठवतं. बाराला आतडी पिळतात. आज आजून पिळली न्हाय."

मी चिडून हसलो. माझं अंग तर सांगत होतं की संध्याकाळ झाली, पाळीवर जायची वेळ झाली! डोळ्यांत वाळू होती, डोकं ठणकत होतं. या म्हाताऱ्याच्या आतड्यांवर आम्ही जीव टांगायचा?

"मला अंधाराची सवय आहे," मी म्हणालो. "मी वाट शोधतो."

"तो फू? येडा झालास?" काका आधी बेटाच्या बोलीत, मग मराठीत ओरडले. "तुझं आंग तू मोडलंस, त्याचं आयकू नको!" बोलता बोलता ते खांद्यावरचा दुसरा दोर माझ्या कमरेला आवळत होते. मी शिव्या घालत उभा राहिलो. त्यांनी गाठ मारून, दुसरं टोक दालनातल्या दगडाला बांधूनच मला सोडलं.

डावीकडे गेलो. दहा पावलं. वीस. पंचविसाव्याला पायाखाली काही नव्हतंच!

मी कोसळलो. गार पाण्याने नाकातोंडात मुसंडी मारली. तळ लागेना! कडेला हात घातला तर बोटं कापून निघाली. पुन्हा बुडालो. पाणी पोटात गेलं. मी मरतोय, हे मला अगदी स्पष्ट कळलं आणि मला भयंकर भीती वाटली. तेवढ्यात कमरेला हिसका बसला. दोर ताणला गेला. वरून दाजी किंचाळत होते, "ओढा, काका, ओढा!" काठाच्या दगडांनी माझी छाती सोलून काढली, पण मी वर आलो.

खोकत पडलो असताना जिभेवर चव आली.

"दाजी, गोडं आहे!"

"काय?"

"पाणी! गोडं आहे!"

कोणीच आनंदलं नाही. दोराच्या आधाराने आम्ही दालनात परतलो. मी कुडकुडत बसलो आणि काकांचा हात सोडला नाही.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "भूक लागली."

त्यांचं वाक्य संपतं न संपतं तोच छपरातून एक उन्हाची तिरीप उतरली. आधी दोरीएवढी, मग मनगटाएवढी. भिंती उजळल्या. पाचांपैकी चौथ्या तोंडावर पांढरं बोट उमटलं होतं. चुना!

दाजींनी घड्याळ उन्हात धरलं. "एकला दहा मिनिटं कमी आहेत, काका."

"तुमच्या घड्याळात. गेल्या महिन्यात सरकारनं काटे तासभर पुढं ढकलले. सूर्याला कोणी ढकललं?"

बारा कोणाचे, हे आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. घड्याळ बदललं नाही म्हणून ज्यांना हसलो, त्यांनीच मला पाण्यातून ओढून काढलं होतं. माझी मान खाली गेली.

मी त्या तिरिपेत चेहरा धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा दुपारचं ऊन माझ्या अंगाला लागत होतं. मी रडलो, आणि त्याची लाज वाटली नाही.

बाहेर आल्यावर दाजी पंपाचे हिशेब मांडत निघाले. काका माझ्या घराच्या दारात थांबले आणि खिडकीचं गोणपाट ओरबाडून त्यांनी अंगणात फेकलं. "उद्या सहाला माझ्याकडं ये. माझ्या सहाला."

मी ओसरीवर पश्चिमेच्या उन्हात बसलो. पाळीची व्हॅन यायला थोडा वेळ होता.

व्हॅन आली, ड्रायव्हरने तीनदा हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या आणि तो निघून गेला. हे मला इंद्राणीताईने दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. मला काही ऐकूच आलं नव्हतं.