निळ्या खुणेपर्यंत

जुलेखा मुलाणीचं पत्र डॉ. त्रिंबक सोहनींनी दोनदा वाचलं, उत्तर द्यायचं ठरवलं, आणि चार महिने दिलं नाही.

मोठ्या आतड्याला व्रण पडणाऱ्या रोगावर एव्हाना मूकलेप, म्हणजे आतड्याला मुकं करणारा लेप, घरोघरी पोचला होता. महिन्यातून एकदा छोट्या नळीने आत सोडला, की अस्तर महिनाभर बधिर राहायचं. दिवसातून वीस वेळा संडासाकडे धावणारी माणसं पुन्हा कामावर जाऊ लागली होती. लेप सोहनींनी शोधला होता.

जुलेखा पठारावरच्या पवनचक्क्या दुरुस्त करायला शंभर मीटर वर चढायची. तिने लिहिलं होतं, की दुखणं थांबलं, अल्ला तुमचं भलं करो. पण आता वर गेल्यावर पोटात गोळा येत नाही. पूर्वी भीतीने कमरेचा पट्टा दोनदा ओढून बघायची. परवा तो अडकवायलाच विसरली, आणि खाली आल्यावरही काही वाटलं नाही. हे औषधामुळे का? कंपनीला कळलं तर चढू देणार नाहीत; तेव्हा उत्तर घरच्या पत्त्यावर पत्रानेच पाठवा.

असं होणार नाही, असं सोहनींना वाटलं. मग वाटलं, झालं असेल तर? खात्री नसताना लिहायचं काय?

खात्री शेजारच्या दिगंबर कांबळींनी करून दिली. तेही मूकलेप घेत. नवरा हल्ली गाड्या न बघता रस्ता ओलांडतो, अशी त्यांच्या बायकोने चहा देताना तक्रार केली. ती आत गेल्यावर सोहनींनी चाचरत विचारलं, नळी किती आत घालता?

"टोक टेकवायचं आणि दाबायचं. या वयात आणखी काय करायचं?"

"निळ्या खुणेपर्यंत नाही?"

"ती कशाची खूण, ते कुठे लिहिलंय? कागदावर आपलं 'नळी योग्य स्थानी ठेवावी'. योग्य स्थान म्हणजे काय, काशी का रामेश्वर? कुणा लाजऱ्या मास्तराने लिहिलंय ते."

ते सोहनींनीच लिहिलं होतं. गुदद्वारातून चार बोटं आत, असं स्वच्छ लिहायला हात धजला नव्हता. चाचण्यांमध्ये नळी परिचारिका घालत, त्यामुळे तिथे चूक झालीच नव्हती.

आतड्याच्या त्या शेवटच्या भागात वरच्या शिरांचं रक्त आधी यकृतात जातं, आणि रक्तात शिरलेलं औषध तिथे बरंचसं मोडलं जातं. खालच्या शिरा मात्र यकृत टाळून रक्त थेट हृदयाकडे नेतात. नळी दोन-तीन बोटं कमी गेली, की औषध न मोडता सगळ्या अंगात पसरायचं आणि पोटाकडून मेंदूकडे जाणारी नसही मुकी करायचं. भीतीची पहिली वर्दी त्याच नसेवरून जाते.

सोहनींनी हे समजावलं. पुढच्या वेळी खुणेपर्यंत घाला, दुखणार नाही, आणि भीती परत येईल.

"मग मला कशाला सांगतोस?" कांबळी म्हणाले. "चाळीस वर्षं सगळ्यांना घाबरलो. आता बरं चाललंय."

"एखादी गाडी उडवेल तुम्हाला."

"उडवेल," असं म्हणून कांबळींनी दुसरं बिस्किट चहात बुडवलं.

सोहनी घरी आले ते घामाघूम होऊन. आधी कारखान्याला कळवलं, की विक्री थांबवा, पत्रक बदला. मग जुलेखाला लिहायला बसले, तीन ओळींनंतर थांबले. तीही शांतपणे वाचील, घडी घालील आणि चढेल. जिला भीतीच वाटत नाही, तिला ताकीद काय करणार?

पत्त्यात आईचं नाव होतं: द्वारा हलिमाबी मुलाणी. सोहनींनी नवा कागद घेतला. ज्या बाईला कधी पाहिलं नव्हतं तिला त्यांनी लिहिलं, की तुमच्या मुलीने नळी गुदद्वारातून चार बोटं, निळ्या खुणेपर्यंत, आत घालायची. आधीच्या लेपाचा महिना सरेपर्यंत तिला वर चढू देऊ नका. ती हसेल. तिच्या वाटची भीती तोवर तुम्ही बाळगा. चूक माझी आहे.

पत्र पेटीत टाकलं, आणि खाली पडल्याचा आवाज येईपर्यंत ते फटीला कान लावून उभे राहिले.