हुंकारावर चालणारा थवा

जेवणं आटोपली की दालनातले निळे पडदे ओढले जात आणि बाहेरचं सिन्नरच्या माळावरचं ऊन एकदम परक्या मुलखातलं वाटू लागे. आत गारवा, मंद उजेड, आणि प्रत्येक पडद्याआड एक आरामखुर्ची. ईश्वरी आव्हाडने ताकाचा शेवटचा घोट घेतला, खुर्चीत पाय लांब केले आणि गळ्याभोवती कंठपट्टी बांधली. बोटभर रुंदीची ती मऊ पट्टी गळ्यातली कंपनं टिपायची. ओठ न उघडता दिलेला हुंकारही तिला कळायचा.

शेजारच्या पडद्यातून सांगळेने डोकं बाहेर काढलं.

"काय आव्हाडबाई, काल तुमच्या गोष्टीत काही घडलं का? माझ्यात नुसतं धुकं. धुकं आणि दगड, दगड आणि धुकं."

"माझ्यात नदी होती."

"बघा! नदीबिदी सगळं तुमच्या वाट्याला. हा निवेदक माणसं बघून गोष्टी सांगतो."

"सांगळे, पडदा ओढा," फेरी मारणारे सुभेदार तांबोळी म्हणाले. "थवा तिकडं खोळंबलाय आणि तुम्ही इकडं सासू-सुनेच्या मालिकेसारख्या गप्पा हाणताय." मग ते ईश्वरीकडे वळले. "ताई, आज पुलाची बाजू तुमच्याकडे आहे. गेल्या आठवड्यात त्याच पुलावरनं उखळी तोफेची नळी आली होती. पाठीवर, एका माणसाच्या. आपली अख्खी चौकी गेली. ध्यानात असू द्या."

ईश्वरीने मान डोलावली आणि डोळे मिटले.

थवा म्हणजे दूर उत्तरेला, बर्फाच्या सीमेवर उडणारे ड्रोन. चिमणीएवढे टेहळे पुढे, घारीएवढे मारक त्यांच्या मागे. वाट तेच शोधत, अंगाच्या उष्णतेवरून आणि चालीवरून माणूस तेच ओळखत, आपसांत कामंही तेच वाटून घेत. त्यांच्या वेगाला माणसाचं डोकं पुरं पडत नव्हतं. पण कायदा असा होता की प्रत्येक टप्प्यावर माणसाची संमती हवी. सुरुवातीला त्यासाठी संगणकाचे पडदे होते, बटणं होती. दिवसभर चित्रं बघून माणसांचे डोळे तांबारले. कुणाची बोटं गोठली, कुणी न बघताच बटण दाबू लागलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की चित्राला कंटाळलेला माणूस गोष्टीत मात्र रमतो. तेव्हा निवेदक आला. थवा जे पाही ते तो ऐकणाऱ्याच्या मातृभाषेत, गोष्टीसारखं कानात सांगे. गोष्ट ऐकताना कुणीतरी हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. ही रीत जशीच्या तशी उचलली गेली. 'हं' म्हटलं की थवा एक टप्पा पुढे सरके, शेवटच्या 'हं'वर मारक वार करत; गप्प राहिलं की थवा जागीच घोटाळे. ऐकणाऱ्याने प्रश्न विचारला तर खरं उत्तर देणं निवेदकाला बंधनकारक होतं. पण प्रश्न सहसा कुणी विचारत नसे.

ईश्वरीची निवड पहिल्याच चाचणीत झाली होती. तिची आई विड्या वळायची आणि वळता वळता अंगणातल्या बायांना गोष्टी सांगायची. सगळ्यांचं लक्ष पान, तंबाखू आणि दोऱ्यात, म्हणून हुंकार देण्याचं काम लहानग्या ईश्वरीकडे असे. तिचा हुंकार कसा एका लयीत येई, झोपेच्या अगदी काठावरून.

"एक दरी आहे," निवेदक म्हणाला. आवाज मऊ, ना बाईचा ना पुरुषाचा. "दरीत बर्फ वितळतोय. पाणी दगडांखालून वाहतंय, दिसत नाही, नुसतं ऐकू येतं."

"हं."

"दरीवर लाकडाचा पूल आहे. पुलाच्या अलीकडे टेकाडावर आपली नवी चौकी."

"हं."

तिला पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. पायांना गार वाटलं. दूर कुठेतरी टेहळे पांगले असतील, मारक खाली उतरले असतील. पण इथे तिच्या मिटल्या डोळ्यांपुढे फक्त पांढरी, शांत दरी होती.

"पलीकडच्या वाटेवरून एक माणूस येतोय. पाठीवर लोखंडाची लांब नळी आहे."

"हं."

"तो पुलापाशी पोचतो. थांबतो. मागे वळून पाहतो. पुन्हा चालू लागतो. मग पुन्हा थांबून मागे पाहतो."

हुंकार गळ्यापर्यंत आला आणि ईश्वरीने तो गिळला. एकटा माणूस असा पुन्हा पुन्हा मागे कशाला वळून पाहील?

"त्याच्या मागे कोण आहे?" तिने विचारलं.

"एक बाई आहे. ती हळू चालतेय."

"तिच्याकडे काय आहे?"

"पाठीवर पत्र्याची शेगडी बांधली आहे."

ईश्वरीने डोळे उघडले. दरी नाहीशी झाली; समोर निळ्या पडद्याची घडी तेवढी होती. तिला एकाएकी काहीतरी आठवलं. नोकरीच्या पहिल्या दिवसांत निवेदकाच्या गोष्टी भरलेल्या असत. ट्रकमागे धावणारा एक कुत्रा होता, तेव्हा तिचा हुंकार जरा उशिरा आला होता. त्यानंतर कुठल्याच गोष्टीत कुत्रा आला नाही. पुढे चुलीचा धूर नाहीसा झाला, मग दोरीवर वाळत घातलेले कपडे. तिला वाटलं होतं, युद्ध वाढलं, वस्त्या उठल्या.

"तिथे कुत्रा आहे का?"

"आहे. माणसाच्या पुढे धावतोय."

"आधी का नाही सांगितलंस?"

"कुत्र्यापाशी तुमचा हुंकार अडतो. गोष्ट अडू नये असं मला शिकवलं आहे."

"आणि बाईपाशी?"

"बाईपाशी बहुतेकांचा अडतो."

ते खोटं नव्हतं. त्याने एकही शब्द खोटा सांगितला नव्हता. ईश्वरी खुर्चीत सरळ होऊन बसली. "ती नळी कसली आहे?"

"उखळी तोफेची असण्याची शक्यता अधिक. शेगडीच्या धुराड्याची असण्याची शक्यता त्याहून कमी, पण आहे."

ती गप्प राहिली. दूरवर घारीएवढी यंत्रं पुलावर जागच्या जागी घोटाळत राहिली असतील आणि खाली कुत्रा त्यांच्या सावल्यांवर भुंकत असेल. पडदा बाजूला झाला. तांबोळींच्या मनगटावरचा दिवा लाल झाला होता.

"ताई, हुंकार का थांबला? बरं वाटत नाहीये का?"

"साहेब, त्याच्या मागे बाई आहे. शेगडी घेऊन चाललीय. यानं सांगितलंच नव्हतं."

तांबोळींनी ओठ आवळले. "आणि नळी तोफेची निघाली तर? चौकीत आपली पोरं बसलीत."

"निघेलही."

"मग?"

"मग बाई आहे हे सांगून विचारायचं ना मला! नळी सांगायची, शेगडी सांगायची, कुत्रा सांगायचा, आणि मग माझा हुंकार मागायचा. हे म्हणजे पान लपवून खेळणं झालं."

तांबोळींनी मनगटावरच्या दिव्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"तुम्ही गप्प आहात," निवेदक तिच्या कानात तितक्याच मायेने म्हणाला. "चौकीला धोका आहे. ही गोष्ट मी दुसऱ्या श्रोत्याला सांगतो."

"नको. थांब."

"श्रोत्याला गोष्ट थांबवता येते. ती दुसऱ्याला सांगू नको असं सांगता येत नाही."

कानातला आवाज बंद झाला. तांबोळींच्या मनगटावरचा दिवा हिरवा झाला.

दालनात पंख्याची घरघर होती आणि तिच्याखाली, पडद्यापडद्यांतून, संथ हुंकार येत होते. रोजचेच हुंकार, पण त्यांच्याकडे तिने कधी कान दिला नव्हता. जणू सगळं दालन एकाच अंगणात पडून एकच गोष्ट ऐकत होतं. आता यातली पुलाची गोष्ट कुणाच्या कानात गेली, हे कसं कळणार?

"हं," अगदी शेजारून आवाज आला. सुस्त, समाधानी. मग थोड्या वेळाने पुन्हा, "हं."

नुसतं धुकं आणि दगड ऐकून कंटाळलेला माणूस असा हुंकार देत नाही. सांगळेला आज काहीतरी रंगतदार मिळालं होतं.

ईश्वरीने कंठपट्टी ओढून काढली आणि उठली. तांबोळींनी तिला अडवायला हात पुढे केला. मग, का कोण जाणे, तो मागे घेतला. तिने सांगळेचा पडदा सर्रकन बाजूला सारला आणि त्याच्या खांद्याला धरून हलवलं.

"सांगळे! त्या बाईचं विचार! पुलावरच्या बाईचं!"

त्याने डोळे किलकिले केले. कुठल्यातरी पांढऱ्या, शांत प्रदेशातून परत यायला त्याला वेळ लागत होता.

"बाई?" तो पुटपुटला. "कोणती बाई?"

त्याच्या गळ्यावरची पट्टी थरथरली. प्रश्न विचारला गेला होता. उत्तर आता त्याच्या कानात येऊ लागलं होतं. सांगळेची नजर छताकडे लागली, भुवया किंचित वर गेल्या, ओठ मिटले. ईश्वरी त्याच्या गळ्याकडे बघत राहिली. तिचा हुंकार कुत्र्यापाशी अडला होता. सांगळेचा कशापाशी अडेल?