शाईतलं पांढरं वलय

खोटं वाटलं तर खुशाल हसा. भुतं पाहणाऱ्यांना मीही मूर्खच म्हणायचे. पण हे माझ्यासोबत घडलंय, अजून घडतंय.

मंगळवार होता, दुपारचे चार. रुग्णालयाच्या तळघरातली लॅब. मी तिथे टेक्निशियन.

वॉर्डातल्या टेलरमास्तरांच्या मणक्यातून काढलेलं पाणी मीच आणलं होतं. महिनाभर डोकं ठणकत होतं बिचाऱ्यांचं. ओठांत टाचण्या धरायची जन्माची सवय; बोलणंही तोंडाच्या एका कोपऱ्यातून.

"ताई, नीट बघा हं."

"बघते, मास्तर."

थेंबभर पाणी, थेंबभर काळी शाई. मेंदूत बुरशी शिरली असेल, तर तिच्या जाड कवचात शाई जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काळोखात पांढरं वलय दिसतं.

दिसलं...

दोन दिसली. एकाला तर कोंब फुटलेला.

आमचे साहेब म्हणजे उंटावरचे शहाणे. उभ्याउभ्याच डोकावले. "हवेचे बुडबुडे आहेत. निगेटिव्ह लिहा."

बुडबुड्याला कोंब फुटतो? शेंबड्या पोरालाही कळेल! पण तीस वर्षं खुर्ची उबवलेल्या माणसाला सांगणार कोण? खात्री करायची पट्टी फ्रिजमध्येच होती. दहा मिनिटांचं काम.

मी निगेटिव्ह लिहिलं.

औषध सुरूच झालं नाही. शुक्रवारी मास्तर गेले.

पुढचा मंगळवार. पुन्हा चार. लॅबमध्ये मी एकटीच. शाई ठीक आहे ना, हे बघायला नुसत्या शुद्ध पाण्याची काच लावली.

बघते तर... वलय. कोंबासकट.

काच बदलली. शाईची नवी बाटली फोडली. तेच.

फ्रिजची घरघर थांबली...

आणि मागून, अगदी कानाशी, तोंडाच्या कोपऱ्यातून...

"ताई, दिसलं का?"

वळले. कुणी नव्हतं. दार आतून बंद.

आता दर मंगळवारी हेच. साहेब शेजारच्या खोलीत ढेरीवर हात ठेवून ढाराढूर घोरतात. त्यांच्या केसालाही धक्का नाही.

गेल्या आठवड्यात माझा संयम सुटला. ओरडलेच. "मला का छळता? त्या ढोल्याकडे जा ना! चूक त्याची होती!"

आवाज आला. शांत. रागाचा लवलेश नाही.

"त्यांना कुठे दिसलं होतं, ताई?"

उद्या मंगळवार आहे. आता मला साहेबांना शिव्याही देता येत नाहीत.