दाढ माझी, फुंक त्याची

तो पहिल्यांदा भेटला, तेव्हा माझ्या तोंडात आजोबांची राकिया होती.

बारीक पाऊस पडत होता. उजवा गाल टम्म सुजलेला... दुखऱ्या दाढेवर आलुबुखाऱ्याची दारू धरून ठेवायची, हा आमच्या डोंगरातला पिढीजात इलाज. मी बसथांब्यावर तोच करत उभी होते, आणि एक गाडी समोर थांबली. काच खाली आली. पावसाने ओला झालेला चष्मा, त्यामागे तपकिरी डोळे.

"दातांचा दवाखाना कुठंय, सांगाल का?"

थुंकावं तर लाज, बोलावं तर राकिया अंगावर. मी सरळ गिळली, आणि जो ठसका लागला म्हणता!

"सकाळी सकाळीच?" त्याने नाकाने वास घेतला.

"औषध आहे ते," मी जेमतेम ओठ हलवले. "दाढेचं."

"मग बसा गाडीत. नवा डॉक्टर मीच. रस्ता तुम्ही दाखवा, दाढ मी बघतो."

त्याचं नाव डोब्रिन. डॅन्यूबकाठच्या रुसेचा, म्हणजे सपाटीवरचा माणूस. त्याने एक्स-रे उजेडात धरला आणि मान हलवली.

"अक्कलदाढ. जबड्यातली जागा संपल्यावर येते ही. तुमची तर आडवी झोपलीय आणि शेजारच्या दाढेला ढुसण्या देतेय. वर हिरडीची झालर... तिच्याखाली अन्न अडकतं, सडतं, म्हणून ही सूज. त्यात तुम्ही दारू ओतून हिरडी भाजून घेतलीत!"

"म्हणजे अक्कल आली तर मला."

"अर्धीच आलीय. अर्धी अजून हिरडीखाली आहे."

मी हसायला गेले आणि कळ थेट मस्तकात गेली. दुष्ट कुठला!

सूज उतरली की दाढ काढायची, असं ठरलं. मी रोज हिरडी धुवून घ्यायला जायची, आणि हा नेमका माझं तोंड उघडं असताना प्रश्न विचारायचा. "लग्न ठरलंय का कुठे?" मी डोळे वटारायची. "नाही? बरं झालं..." आणि स्वतःच लाजून चिमटा शोधत बसायचा. मला तर दाढ बरीच होऊ नये असं वाटायला लागलं.

देवाने ऐकलं बहुतेक. शुक्रवारी सूज गळ्याकडे सरकली. डोब्रिनचा चेहरा उतरला.

"आता थांबता येणार नाही. आजच काढायची."

"परवा संत इलियाची जत्रा आहे! मला गायदा वाजवायचाय." गायदा म्हणजे आमच्याकडची मशकबीन, कातडी पिशवी तोंडाने फुगवून वाजवायची.

"फुंकायचं नाही. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. फुंकलं की ती निघते, हाड उघडं पडतं, मग जीव नकोसा होतो."

माझे डोळे भरून आले. आजोबांचा श्वास आता पुरत नव्हता. त्यांची जत्रेतली जागा यंदा मी घ्यायची होती. मी नाही वाजवलं, तर ती कायमची दुसऱ्या घराण्याकडे जाणार होती. हुंदके देत मी ते सगळं सांगितलं.

त्याने हातातला चिमटा खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "गळाच बंद झाला तर... सिल्वेना, काढू दे मला."

'अहो-जाहो' कधी गळून पडलं, त्यालाही कळलं नसावं. मी तोंड उघडलं.

रविवारी कुरणावर सगळा गाव जमला होता. मी निळसर गाल घेऊन आजोबांशेजारी बसले होते. पलीकडे त्या दुसऱ्या घराण्यातला वादक आपला गायदा जुळवत होता. इतक्यात गर्दीतून वाट काढत डोब्रिन आला.

"आजोबा, ही कातडी पिशवी दुसऱ्या कुणी फुगवली तर चालते?"

"चालेल की. बोटं हिची, फुंक दुसऱ्याची. पण डॉक्टर, आमच्यात गायद्याला घरच्याच माणसाचं तोंड लागतं." आजोबांनी मिशीवरून हात फिरवला. "बघ बाबा, विचार करून."

डोब्रिन कानापर्यंत लाल झाला. माझ्याकडे एकदाच पाहिलं त्याने.

"दाढ मी काढलीय. फुंकही मीच घालतो."

पिशवी माझ्या काखेत, नळी त्याच्या ओठांत, त्याचं कपाळ माझ्या कपाळाला टेकलेलं. पहिला आवाज शेळीच्या शेपटीवर पाय पडावा तसा निघाला. गाव खो खो हसलं. मग त्याला दम सापडला... माझ्या बोटांना सूर सापडला... आणि हातात हात गुंफून लोकांनी फेर धरला.

जिंकले होते मी! आनंदाने ऊर नुसता भरून आला. त्याचे डोळे एवढ्या जवळ होते, आणि बोलायची सोय त्याला नव्हती. अशी संधी कोण सोडतं?

"ऐक," मी कुजबुजले. "मला तू आवडतोस. खूप. थांबू नकोस हं, फुंकत राहा—"

त्याने नळी सोडली. "मला पण!"

चांगला ओरडला मेला! गायदा कण्हत कण्हत बसला. अख्खा फेर एक पाय वर उचलून तसाच थांबला.

"जावईबापू!" आजोबा गरजले. "आधी फुंका! बाकीचं नाच झाल्यावर बोला!"

त्याने घाईघाईने नळी तोंडात धरली. पण हसता हसता फुंकता येत नाही, हे त्या दिवशी सगळ्या गावाने पाहिलं.