पाठमोरी पाहुणी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या, पण हे माझ्या घरात घडलंय. यंदाच्या रथसप्तमीला, मंगरूळपीरला, भर दुपारी. माझं फोटो फ्रेमिंगचं दुकान आहे. गेलेल्या माणसांच्या फोटोंवरच पोट भरतो, त्यामुळं मी सहसा घाबरत नाही.

उदयसिंग नावाच्या गिऱ्हाइकानं जपानहून आणलेलं चित्र दिलं होतं. लाकडी ठशांनी छापलेलं. एक नटलेली बाई, पाठमोरी, केस विंचरतेय. चेहरा फक्त समोरच्या आरशात दिसायचा.

"जुन्या काळातली कलावंतीण आहे," तो म्हणाला. "यांना कोठीबाहेर जाऊ देत नसत."

काच बसवून चित्र बैठकीत ठेवलं. त्या दिवशी घरी हळदीकुंकू होतं.

आई म्हणाली, "घरी आलेली बाई कोऱ्या कपाळाची कायले ठेवता? लाव वं रंजीता, तिले बी."

माझी बायको हसली. तिनं काचेवर, आरशातल्या कपाळाशी, कुंकू लावलं. मग थट्टेनं स्वतःचं कपाळ चित्रापुढं केलं.

"आता तुमी लावा मले."

रीतच आहे ती. आपण लावलं की समोरची उलट लावते.

रंजीता वळली...

तिच्या टिकलीवर ओल्या कुंकवाचं बोट उमटलं होतं.

काचेवरचं मात्र जरासुद्धा पुसलं नव्हतं.

"कोनं लावलं वं?" आईनं विचारलं.



संध्याकाळी रंजीता कपाटाच्या आरशासमोर बसली.

"काय करून राह्यली?" मी विचारलं.

फणीचा आवाज तेवढा येत राहिला.

मी पुढून पाहायला गेलो. ती वळली. पुन्हा गेलो, पुन्हा वळली. त्या दिवसापासून मला तिची पाठच दिसते. आरशात पाहायची हिंमत होत नाही.

आठवड्यानं उदयसिंग आला. हळदीकुंकवानंतर मी गुंडाळून ठेवलेलं चित्र उघडून पाहिलं आणि चिडला.

"हे माझं नाही. माझी बाई पाठमोरी होती."

मी पाहिलं...

बाई समोर बघत होती. कपाळावर टिकली. चेहरा माझ्या रंजीताचा.

तो चित्र टाकून गेला.

काच काढली, कागदावरून हात फिरवला, हाका मारल्या. कागदच तो. माझं काही चालत नाही.

आई रोज चित्राला कुंकू लावते आणि कपाळ पुढं करते.

"लाव माय, उलट लाव. मले ने आत, तू ये बाहीर."

रंजीता नुसती बघते. लावणार तरी कशी? चित्रात तिचे दोन्ही हात लांब बाह्यांत झाकलेले आहेत.

आणि आतल्या खोलीत फणी चालूच आहे...