पहिली ओळ ठेवायची

बाबांकडे बघून घड्याळ लावावं, असं आमच्या घरी सगळेच म्हणायचे. आयुष्यभर बस आगारात वेळापत्रकं आखलेला माणूस. निवृत्तीनंतर आगार सुटलं, पण वेळापत्रक सुटलं नाही. ते त्यांनी घरी आणून स्वतःलाच लागू केलं. उठणं, चहा, बागेपर्यंत एक फेरी, खिडकीजवळची खुर्ची, जेवण, झोप. आई होती तोवर म्हणायची, "ह्यांना शिंकसुद्धा वेळेवर येते."

मी दुसऱ्या शहरात राहते. बाबा न्हाणीघरात घसरून पडले आणि कितीतरी वेळ कोणाला पत्ताच नव्हता, हे मला मागाहून कळलं. कॅमेरे लावू या म्हटलं तर बाबा उखडले. "मी काय सराफाचं दुकान आहे?" मग मधला मार्ग काढला. दाराला, फ्रिजला, शेगडीजवळ, खुर्चीच्या गादीखाली आणि पलंगाला बोटाएवढे सेन्सर चिकटवले. ते बिचारे एवढंच सांगायचे की आता दार उघडलं, आता कोणी बसलं, आता उठलं.

पुढचं काम माझ्या रोजच्या पोटापाण्याचंच होतं. ऑफिसात मी थंड मालाच्या गाड्यांचं तापमान असंच गोळा करते. क्लाउडवर एक नोटबुक लिहिलं. नोटबुक म्हणजे वही नव्हे. तुकड्यातुकड्यांनी लिहिलेला प्रोग्राम, जो कुठल्यातरी लांबच्या, भाड्याच्या मशीनवर चालतो. रोज पहाटे ते आपोआप जागं व्हायचं, आदल्या दिवसाच्या नोंदींची एक ओळ करायचं, ती तक्त्यात घालायचं आणि तक्ता फाइलमध्ये जतन करायचं. मग ते मशीनही मोडीत निघायचं. मागे उरायची ती फक्त फाइल, जुनीच्या जागी नवी.

त्या फाइलची पहिली ओळ जवळजवळ रिकामी होती. सेन्सर लावल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बाबांना माझ्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं आणि रात्री माझ्याकडेच ठेवून घेतलं. त्यामुळे त्या ओळीत उठणं होतं, चहा होता, दार होतं. पुढे काही नाही.

बाबांच्या घरचं इंटरनेट मात्र रडकं. एकच दिवस दोनदोन, तीनतीनदा पोचायचा, आणि दर वेळी त्यावर पोचल्याचा शिक्का वेगळा. म्हणून मी नोटबुकला सांगून ठेवलं की शिक्क्याकडे बघू नकोस. बाकीची ओळ जुळली तर ती नक्कल समज. पहिली ओळ ठेव, नंतरची फेक. मिनिटादोन मिनिटांच्या फरकाने घोळ नको म्हणून सगळ्या वेळा पाव तासाच्या खणांत बसवल्या. या धंद्यातल्या कोणीही हेच केलं असतं.

काही आठवड्यांनी सहज फाइल उघडली तर ती भलतीच आखूड. माझ्या लक्षात आलं आणि मी ऑफिसात एकटीच हसत सुटले. तारीख त्या शिक्क्यातच होती; शिक्का बघायचा नाही म्हणजे तारीखही बघायची नाही! आणि बाबांचा बुधवार मंगळवारसारखाच, गुरुवार बुधवारसारखाच. नोटबुकने इमानेइतबारे बाबांचे दिवसच्या दिवस नक्कल म्हणून टाकून दिले होते. शेजारच्या टेबलावर आमचा प्रोफेसर बसतो. कधी शिकवलं नाही, पण चष्म्यामुळे हे नाव चिकटलं. तो म्हणाला, "तुझे बाबा नकलेत निघाले म्हण की."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या फोनवर मी बाबांनाही हा विनोद सांगितला.

"टाकले तर टाकले," बाबा म्हणाले. "त्यात जपून ठेवण्यासारखं काय होतं? बरं ठकू, आता ठेव. सोमवारची गोळी घ्यायची आहे."

"बाबा, आज शुक्रवार आहे."

"भिंतीवर सोमवार आहे. कॅलेंडरचं रोजचं पान मी माझ्या हाताने फाडतो."

साठी-सत्तरीनंतर माणूस विसरतो, हे मी स्वतःला समजावलं. हल्ली आदल्या दिवशीचं बोलणं त्यांना आठवत नसे, तेही मी याच खात्यात टाकलं होतं. तरी मी शिंपीणकाकूंना फोन केला. जिन्याखालच्या खोलीत त्यांचं शिवणाचं दुकान आहे. त्यांच्या नजरेतून इमारतीतलं मांजरही सुटत नाही, आणि बाबांच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असते.

"जाताना दिसतात की रोज, आपल्या वेळेला," काकू म्हणाल्या. "वर येताना मात्र हल्ली दिसत नाहीत. मला वाटलं, मागच्या जिन्याने जात असतील."

"काकू, मागे जिना कुठे आहे?"

फोनवर ऐकू येणारं मशीनचं पायडल थांबलं.

"नाहीच आहे गं," त्या म्हणाल्या. "काल दुधाची पिशवी दाराशी तशीच होती. मी किल्लीने उघडून बघितलं. घरात कोणी नव्हतं."

कालच्या नोंदी माझ्यासमोर उघड्या होत्या. बाबा फिरून आले होते. खुर्चीत बसले होते, जेवले होते, वेळेवर झोपले होते. आणि पहाटे नोटबुकने ती ओळ जुन्या ओळीशी जुळवून फेकून दिली होती.

मिळेल त्या गाडीने मी बाबांकडे गेले. त्यांनीच दार उघडलं. शर्ट हँगरवर लटकावा तसा अंगावर लटकत होता. गोळ्यांच्या पाकिटातल्या गोळ्या जिथल्या तिथे. भिंतीवरचं पान मागच्या आठवड्यातल्या सोमवारचं. काकूंकडे बाबांची पँट कंबर आत घ्यायला पुन्हा आली होती.

"तुम्ही जेवत नाही का, बाबा?"

"दोन्ही वेळा जेवतो. तुझी शपथ."

बाबा खोटं बोलत नव्हते. ते जेवत होते, आणि ते जेवण जेवल्याचा दिवसच उरत नव्हता. हे वाक्य मनात उमटलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. मी आकड्यांवर पोट भरणारी बाई. तरी हात कामाला लागले. सगळे सेन्सर उपटून पिशवीत भरले. लॅपटॉप उघडून नकला फेकायची ती ओळ नोटबुकातून काढून टाकली. नोटबुक बंद केलं. रोज जागं व्हायचं त्याचं वेळापत्रकही पुसलं.

परत आल्यावर सकाळी फाइल उघडली. ती त्याच पहाटे जतन झालेली होती. आदला दिवस त्यात नव्हता.

मी गेलेल्या ओळी हाताने पुन्हा भरल्या. दुसऱ्या पहाटे त्या पुन्हा गेल्या. शेवटी प्रोफेसरला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. त्याने बराच वेळ उलटसुलट तपासलं.

"इथे काही चालूच नाहीये," तो म्हणाला.

"मग फाइल कोण लिहितंय?"

त्याने चष्मा काढून पुसला. "तू फाइलच उडवून टाक ना. ना रहेगा बांस."

बोट डिलीटच्या बटणावर ठेवलं होतं. पण दाबवेना. बाबांचे जेवढे दिवस उरले होते, तेवढे त्या फाइलमध्येच होते. ती गेली तर मागे काय राहील, हे मला ठाऊक नव्हतं, आणि करून बघायची ही गोष्ट नव्हती.

मग एकच उपाय उरला. नक्कल फेकली जाते ना? मग रोजचा दिवस वेगळा हवा. मी रोज सकाळी फोन करून बाबांना दिवस आखून द्यायला लागले.

"बाबा, आज चहा दुपारी घ्या."

"दुपारी? मग सकाळी काय करू, हवा खाऊ?"

"आज खुर्चीत अजिबात बसू नका. आज दार चार वेळा उघडा."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

बाबा करायचे. का, ते विचारायचे नाहीत. माझ्या आवाजातच काहीतरी असावं. आणि ओळी टिकायला लागल्या; सेन्सर पिशवीत पडून असूनही त्या उमटतच होत्या. भिंतीवरची पानं तारखेला गाठू लागली. "काल तू मला उभ्याने जेवायला लावलंस," असं बाबा एकदा कुरकुरले, तेव्हा मला रडू फुटलं. त्यांना काल आठवत होता.

पण वेळापत्रकात उभं आयुष्य घालवलेल्या माणसाला असं किती दिवस वेडंवाकडं नाचवणार? त्यांची झोप मोडली. आवाज बारीक झाला. एकदा ते म्हणाले, "ठकू, आता नाही जमत गं. मला माझ्या वेळेने जगू दे. मग जे व्हायचं ते होऊ दे."

मी ऑफिसात रजा टाकली आणि संध्याकाळपर्यंत बाबांच्या दाराशी पोचले. दाराशी काही नव्हतं, पायपुसणं तेवढं झाडून ठेवलेलं. रात्री जेवताना मी सांगून टाकलं, "उद्या सकाळी माझ्याकडे चला. कायमचे." घर सोडून जाणं, याहून वेगळा दिवस कुठला असणार?

बाबा लगेच हो म्हणाले नाहीत. हात धुतले, ताट विसळलं. "येतो," ते म्हणाले. "पण चहा झाल्याशिवाय मी हलणार नाही. आणि निघायचं ते माझ्या वेळेला."

तेवढा हट्ट मी आनंदाने पुरवला.

सकाळी बाबा उठले. चहा झाला. मी बॅग खांद्याला लावून दार उघडलं.

दाराशी दुधाच्या पिशव्या होत्या. एकीवर एक, भिंतीपर्यंत. खालच्या फुगल्या होत्या, आणि एक फुटून तिचं पाणी पहिल्या पायरीवर वाळलं होतं.

"दूधवाला चळला वाटतं," बाबा म्हणाले आणि त्या ओलांडून जिना उतरू लागले.

माझा फोन वाजला. प्रोफेसर. "अगं, आहेस कुठे? एका दिवसाची रजा टाकून गेलीस ना तू?"

त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं नाही. म्हणजे, कळून घ्यायचं नव्हतं. मी फोन बंद केला.

खाली शिंपीणकाकू मशीनवर वाकल्या होत्या. बाबा त्यांना हात करून पुढे गेले. मी थांबले.

"काकू, बाबांना घेऊन चालले. कायमचं."

त्यांनी मान वर केली नाही. "कालही हेच म्हणालीस."

"काल? काल संध्याकाळी तर मी आले."

पायडल थांबलं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, आणि ती ताजी नव्हती.

"रोज सकाळी बॅग घेऊन दोघं निघता गं. जाताना बघते मी. येताना एकदाही नाही."

उठणं. चहा. दार. पुढे काही नाही.

ती ओळ फाइलमध्ये होतीच. सगळ्यात वरची, डॉक्टरकडे नेलं त्या दिवसाची. मीच लिहवलेली.

"बाबा," मी हाक मारली. "थांबा. परत वर चला."

"हेही रोज म्हणतेस," काकू हळूच म्हणाल्या.

बाबा फाटकाबाहेर, रस्त्यावर उभे होते. त्यांनी मनगट डोळ्यांजवळ नेऊन घड्याळ बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

"चल ठकू," ते म्हणाले. "अगदी वेळेवर निघालो."