कावळ्याच्या खडपावरचा हिरवा दगड

विमला सामंतला तो दगड स्वतःच्या हातांनी फोडून हवा होता. कावळ्याचं खडप या समुद्रातल्या खडकापाशी मच्छीमार लवूच्या होडीच्या नांगराला अडकून आलेला हिरवा, लाल मण्यांचा तुकडा तिच्याकडे होता, पण मुंबईत ती भूगर्भशास्त्र शिकवी त्या कॉलेजातले वरिष्ठ म्हणाले, "जहाजाने तोल राखायला आणून टाकलेला असेल." म्हणून १९६९च्या माघी पौर्णिमेनंतर, मोठ्या ओहोटीच्या पहाटे, आचऱ्याची ही लेक लवू आणि त्याचा थोरला भाऊ भिकाजी यांच्या होडीतून कावळ्याच्या खडपाकडे निघाली. अशा ओहोटीलाच त्याचा पायथा उघडा पडे.

"त्या दगडात इतक्या काय आसा?" भिकाजीने वल्हवता वल्हवता विचारलं.

"समुद्राचो तळ जमनीखाली सरकता, दादा. तीस कोस खाल गेलो की दाबान हे लाल मणी होतत."

"मगे वर कसो इलो?"

"हलक्या दगडाच्या पोटात बसान. हलको तो वर उसळता, जडाक घेवन येता. कोट्यवधी वर्सां लागतत."

भिकाजीने मान हलवली. पटलं की नाही, कळलं नाही.

शेवाळावरून घसरत विमला पायथ्याशी पोचली. खडकातच रुतलेला हिरवा पट्टा! हातोडा-पहारीने तासभर घाव घातल्यावर तीन तुकडे निघाले. ते पिशवीत भरेपर्यंत भरती लागली होती.

लाटेनं होडी उचलली. होडी उलटू नये म्हणून बाजूला बांधलेलं लाकूड, उलांडी, फटीत अडकली. भिकाजी सोडवायला उतरला. दुसरी लाट आली. होडी आदळली! त्याचा पाय खडकाशी चिरडला.

विमलानं पिशवी टाकली, धावत येऊन पहार घातली. लवूनं भावाला ओढलं. पाय सुटला, उलांडी मोडली.

"बाय, तुजी पिशवी! हाडून ये, मी होडी धरतंय," लवू म्हणाला.

पिशवी दहा पावलांवर होती. मधल्या खाचेत पाणी शिरलं होतं. भिकाजीचे ओठ पांढरे पडले होते.

"नको. चल."

तिनं लवूच्या पंच्याने पाय करकचून बांधला आणि तोल राखायला दोन मैल होडीच्या कडेवर अंग बाहेर टाकून बसली. खांदे भरून आले, तरी हलली नाही.

दुपारी हाडवैद्य म्हणाला, "पाय रवतलो, कापूक नको." भिकाजीच्या ओसरीवर विमलानं वहीत लिहिलं : खडकात पाहिला. नमुना नाही. एवढ्यावर कॉलेजात कोणी विश्वास ठेवणार नव्हतं.

भिकाजीची बायको नर्मदा दारात आली. "तुजे दगड गो?"

"खडपार रवले."

नर्मदेनं आत जाऊन नवऱ्याच्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडला.

"ये, बस. पेज निवता."